गप्प बसायची परीक्षा

वैजयंती लोंढे यांना गप्प बसता येतं का, हा प्रश्न त्यांना ओळखणाऱ्या कुणाही सोलापूरकरानं हसण्यावारी नेला असता. परिषदेनं मात्र तो परीक्षेत घातला.

दुकानात काम करता करता विक्रीचं प्रशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींची परीक्षा दुकानातच, खऱ्या गिऱ्हाइकासमोर घ्यायची, असं कौशल्य परिषदेनं ठरवलं होतं. अशी परीक्षा घेण्यासाठी धंद्यात मुरलेली माणसं हवी होती. त्यांनी आधी पुण्यात शिकायचं, लेखी परीक्षा द्यायची आणि शेवटी वरिष्ठांच्या देखत एका उमेदवाराची परीक्षा घेऊन दाखवायची. एवढं पार पडलं की नाव नोंदणीकृत मूल्यमापक म्हणून लागायचं आणि जिल्ह्यातल्या दुकानांतून परीक्षा घ्यायची बोलावणी यायची.

नवी पेठेतल्या साड्यांच्या दुकानात वैजयंतीबाई फॉल-पिकोच्या टेबलावर लागल्या आणि दोन-तीन वर्षांत गादीवर आल्या. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. त्यांच्यासमोरून गिऱ्हाईक रिकाम्या हातानं उठलं, असं शेवटचं कधी झालं ते दुकानात कुणाला आठवत नव्हतं. एकदा एस.टी. स्टँडचा रस्ता विचारायला आलेली बाई इरकल घेऊन स्टँडवर पोचली होती. पण वीस वर्षं गादी ते रॅक उठबस करून पायांच्या शिरा फुगल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की हे उठबशीचं काम सोडा. दुकानात पाय न शिणवता करायचं काम एकच, गल्ल्याचं. तिथं मालकांचे मेहुणे बसत आणि ते उठतील अशी आशा कुणालाच नव्हती. मूल्यमापकाचं काम मात्र खुर्चीत बसून करायचं होतं. ते मिळालं नाही तर बाईंना घरीच बसावं लागणार होतं, आणि घरी बसायच्या कल्पनेनं त्यांचे पाय जास्तच दुखत.

त्यांचे यजमान दिपकराव एस.टी.त कंडक्टर. जेवताना त्यांनी विचारलं, "परीक्षेत करायचं काय असतं?"

"उमेदवार गिऱ्हाईक करत असतो, ते बघायचं. मधी एक अक्षर बोलायचं नाही."

"कुणी?"

"मी."

दिपकरावांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, खाल्ला, आणि मग शांतपणे म्हणाले, "मग रात्रंदिवस पुस्तक काय वाचतीयास? चिकटपट्टी आण की."

पुण्यात पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं : पाहा, ऐका, लिहा. शिकवू नका, सुचवू नका, वाचवू नका. वैजयंतीबाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. दुपारी सरावाला एक जण विक्रेता झाला आणि एक गिऱ्हाईक. विक्रेत्यानं साडीची घडी मधूनच उलगडली तशी वैजयंतीबाई खुर्चीतून ओरडल्या, "अरे, आधी पदर दाखव पदर!" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "वैजयंतीताई, तुम्ही आत्ता परीक्षा घेतली का दिली?" वर्ग हसला, वैजयंतीबाईही हसल्या. लेखी परीक्षेत त्या वर्गात दुसऱ्या आल्या. मूल्यमापकानं तटस्थ का राहावं, या प्रश्नावर त्यांनी पुरवणी लावली होती.

शेवटच्या परीक्षेसाठी त्यांना चाटी गल्लीतलं दुकान मिळालं. मालक चनबसप्पा, वाडवडलांपासून साड्यांच्या धंद्यातले. उमेदवार बुद्धप्रिया नावाची मुलगी, वर्षभर तिथंच शिकत असलेली. ती पास झाली तर चनबसप्पा तिला कायम करणार होते. ती हळू बोलायची आणि त्याहून हळू साडी उलगडायची. वैजयंतीबाईंना तो वेग बघूनच घाम फुटला. पुण्याहून आलेले अभिमन्यू सर, तिशीतला, कमी बोलणारा माणूस, आरशाजवळ बसले. त्यांचं काम बुद्धप्रियाकडं बघायचं नव्हतं. ते वैजयंतीबाईंकडं बघणार होते.

त्या दिवशी मोहोळहून बस्ता आला. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. त्यात नुसतं गिऱ्हाईक येत नाही, दोन घरं येतात. नवरीकडचे, नवऱ्याकडचे, त्यांच्या आत्या, मावश्या, आणि कुणाला कसली मानाची साडी घ्यायची याच्या जुन्या आठवणी. बुद्धप्रियानं त्यांना बसवलं, पाणी दिलं, शालू काढला. तोवर सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात घोळक्यातल्या एका म्हातारीनं खुर्चीतल्या बाईंकडं निरखून पाहिलं.

"अगं, तू आमच्या कोंडीबाची लेक नव्हं?"

वैजयंतीबाईंनी कागदात डोकं घातलं.

"व्हय की! वैजंताच हाय ही. मी बजाबाई, तुज्या आईची मैतरीण. वळख न्हाय दाखवत व्हय गं? लई मोठी झालीस!"

माहेरचं माणूस, त्यात आईची मैत्रीण. वैजयंतीबाईंनी नियम मोडला तो इथं, आणि दोन शब्दांनी मोडला. त्या नुसतं "नमस्कार मावशी" म्हणाल्या.

"मग तूच सांग बघू, हा शालू कसा हाय? ही पोरगी कायच बोलंना."

पुढं काय झालं ते वैजयंतीबाईंना नंतर नीट सांगता येईना. शालू आमच्या नवरीच्या रंगाला जरा फिका पडतो, एवढंच आपण म्हणालो, असं त्यांना आठवतं. त्यानंतर एकदम आठवतं ते म्हणजे आपण चपला काढून गादीवर बसलोय, मांडीवर पैठणी आहे, आणि दोन्ही घरं आपलं ऐकतायत. सगळा बस्ता, अगदी मानाच्या साड्यांसकट, बांधून गेला. चनबसप्पांनी आनंदानं सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा मागवला. बुद्धप्रिया एका कोपऱ्यात साड्यांच्या घड्या घालत होती.

अभिमन्यू सरांनी अहवालात दोन वाक्यं लिहिली : "उमेदवाराचे मूल्यमापन झाले नाही. मूल्यमापकांनी विक्री उत्तम केली."

जाताना ते म्हणाले, "ताई, एक संधी आणखी देता येते. तिथंही असंच झालं तर नाव काढावं लागेल. आणि या मुलीचीही परीक्षा लटकली, ते वेगळंच."

वैजयंतीबाई बुद्धप्रियाजवळ गेल्या. "माझ्यामुळं तुझं राहिलं गं."

"असू द्या मॅडम," ती म्हणाली. "घड्या तरी बऱ्या घातल्या ना मी?"

यात टोमणा होता का नव्हता, हे वैजयंतीबाईंना घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

घरी दिपकरावांनी सगळं ऐकून घेतलं. हसू त्यांनी मिशीतच ठेवलं, पण मिशी पातळ होती. "माहेरचं माणूस भेटलं की तुझं असंच व्हतं. आता असं कर, तोंडात लवंग धर. बोलायला तोंड उघडलंस की जीभ भाजंल. आमचा एक ड्रायव्हर धरायचा, साहेबासमोर शिव्या येऊ नयेत म्हणून."

"मग?"

"मग काय, शिव्या यायच्या. पण वास चांगला यायचा."

दुसऱ्या परीक्षेला वैजयंतीबाई खरोखरच लवंग धरून गेल्या. दुकान तेच, मुलगी तीच. अभिमन्यू सर या वेळी मुद्दाम त्यांच्या पाठीमागं, रॅकला टेकून बसले. बाई उठायला लागल्या तर लगेच दिसावं, असा त्यांचा हिशेब असावा. चनबसप्पांनी गल्ल्यावरून हात जोडले आणि म्हणाले, "या ताई, या. मागच्या वेळी लई छान परीक्षा झाली. आजपण तशीच होऊ द्या."

आजही बस्ताच आला. हे दुधनीचे लोक होते. वैजयंतीबाईंच्या माहेराशी त्यांचा काही संबंध नव्हता, म्हणून त्यांनी मनात सिद्धेश्वराला हात जोडले. नवरी होती, तिची आई, नवऱ्याचे आईवडील, आणि नवऱ्याची आत्या शिवबाई. शिवबाईंनी पाय ठेवल्यापासून कळलं, की आज हो किंवा नाही त्याच म्हणणार. त्या येऊन नेमक्या वैजयंतीबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"बर्री अक्का, कुंदर्री," बुद्धप्रिया म्हणाली. अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाला बसा म्हणण्यापुरतं कानडी चाटी गल्लीत सगळ्यांनाच येतं. वैजयंतीबाईंनी पहिल्या रकान्यात खूण केली.

मग सुरू झाले हाल. बुद्धप्रियानं मोरपंखी शालू काढला. नवरीच्या अंगाला मोरपंखी! वैजयंतीबाईंनी लवंग दाढेखाली दाबली. शिवबाई म्हणाल्या, "ब्याड," म्हणजे कानडीत नको. बुद्धप्रियानं जांभळा काढला. हां, हे बरं. नवरीनं तो खांद्यावर घेतला आणि आईकडं पाहून हसली. मग बुद्धप्रिया गादीवर जराशी फिरून बसली, नवरीकडं तोंड करून. तिची पाठ शिवबाईंकडं झाली. मानाच्या माणसाकडं पाठ! वैजयंतीबाईंनी कागदावर तेवढंच लिहिलं, पण पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं.

जांभळा शालू ठरला. नवऱ्याच्या आईची साडी ठरली. शिवबाईंनी चार साड्यांना ब्याड म्हटलं आणि पाचवीला काहीच म्हटलं नाही, म्हणजे ती ठरली. आता उरली पिवळी. लग्नात नवरीनं मामाकडची पिवळी साडी नेसायची असते. बुद्धप्रियानं पिवळ्या साड्यांची चळत समोर ठेवली, आणि नवरी एकाही साडीला हात लावीना.

"घे की गं," शिवबाई म्हणाल्या. "पिवळी ती पिवळी. उजेडाचं घरी जायचंय."

नवरी दाराकडं बघत होती. आता हिला एक साडी अंगावर टाकून आरशासमोर उभी करायची, वैजयंतीबाईंचं मन ओरडत होतं. आरसा दाखव आरसा! आरशासमोर गेलेली नवरी नाही म्हणत नाही. लवंग केव्हाच गिळली गेली होती. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले.

बुद्धप्रियानं आरसा दाखवला नाही. तिनं हळूच विचारलं, "कुणी यायचं राहिलंय का?"

नवरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आईनंच सांगितलं, "तिचा मामा. त्यो यायचा हुता पिवळी घ्यायला. पन त्याचा कांदा आज मार्केट यार्डात लिलावाला लागलाय. आज काय सुटत न्हाय त्यो."

"पैसे दिलेत की त्यानं," शिवबाई म्हणाल्या. "पैसे आल्यावर मामा कशाला लागतोय?"

बुद्धप्रियानं पिवळ्या साड्यांची चळत उचलली आणि बाजूला ठेवली. "असं करा आत्याबाई," ती म्हणाली, "आज बस्ता बांधूच नका. अर्धा बस्ता नेऊ नये म्हणतात. ठरलेलं सगळं मी तुमच्या नावानं काढून ठेवते. उद्या-परवा मामांना घेऊन या. तुम्हीपण या, तुमच्याशिवाय कसं व्हायचं?"

गल्ल्यावर चनबसप्पांच्या हातातली पेनाची टोपी खाली पडली. वैजयंतीबाईंच्या डोळ्यांपुढं चाटी गल्ली आली. या दारापासून त्या टोकापर्यंत साड्यांची दुकानं, आणि प्रत्येक दारात हात जोडून उभा असलेला माणूस. उठलेलं गिऱ्हाईक परत त्याच गादीवर बसत नाही, हे त्या वीस वर्षं नव्या पोरांना शिकवत आल्या होत्या. शिवबाई उठल्या. सगळे उठले. वैजयंतीबाईंच्या चपला पायाखाली होत्या, गादी हाताच्या अंतरावर होती. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्यही त्यांना माहीत होतं.

त्या बसून राहिल्या. दुधनीचे लोक दाराबाहेर पडले. नवरी मात्र जाताना बुद्धप्रियाचा हात धरून उभी राहिली होती, तेही वैजयंतीबाईंनी पाहिलं आणि लिहिलं.

चनबसप्पा गल्ला सोडून आले. "ताई, हे काय? अख्खा बस्ता गेला की हो डोळ्यांदेखत! तुम्ही हितं बसलेल्या असताना!"

"मी बसलेलीच असायला हवी, मालक."

"ही कसली परीक्षा? मागची बरी होती. तीच परत घ्या की!"

अभिमन्यू सरांनी त्यांना समजावून गल्ल्याकडं पाठवलं आणि वैजयंतीबाईंना विचारलं, "तुमचा निर्णय?"

"पात्र आहे."

"एकही साडी विकली गेली नाही."

"गिऱ्हाइकाची गरज ओळखली का, असं कागदात आहे. तिनं ओळखली. मी ओळखली नव्हती," वैजयंतीबाई म्हणाल्या. हे बोलताना त्यांना जरा त्रास झाला. "साडी विकली का, असं कागदात कुठंच नाही. मी दोनदा शोधलं."

"परत येतील ते लोक?"

"ते कागदात नाही, सर."

सरांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. एवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते जिन्याकडं गेले. जाताना म्हणाले, "तोवर उमेदवाराला अभिप्राय देऊन टाका. सह्या आल्यावर करू."

वैजयंतीबाईंनी बुद्धप्रियाला समोर बसवलं. आधी चांगलं सांगायचं, मग सुधारणा, हा क्रम त्यांना पाठ होता. चांगलं सांगून झालं. "एकच गोष्ट राहिली. शिवबाईंकडं तू पाठ केलीस. मानाच्या माणसाकडं पाठ करून बसू नये. माझ्या शेजारीच तर होत्या त्या."

बुद्धप्रियानं जिन्याकडं पाहिलं. सर पाठमोरे बोलत होते.

"खरं सांगू का मॅडम? रागावू नका."

"बोल की."

"पाठ आत्याबाईंकडं नव्हती. तुमच्याकडं होती."

"माझ्याकडं? मी तर एक शब्द बोलले नाही!"

"शब्द कुठं बोलला? पण मी मोरपंखी काढला तेव्हा तुमच्या भुवया पार कपाळावर गेल्या. जांभळा काढला तर तुम्ही अशी मान हलवली," तिनं हलवून दाखवली आणि वैजयंतीबाईंना आरशात बघितल्यासारखं वाटलं. "मोरपंखी मी आत्याबाईंच्या आधी तुमच्याकडं बघून खाली ठेवला. मग म्हटलं, असंच बघत राहिले तर आजपण परीक्षा तुमचीच होणार. म्हणून फिरून बसले."

वैजयंतीबाईंनी कागद पुढं ओढला. सर त्यांच्या पाठीमागं बसले होते. त्यांना भुवया दिसलेल्या नव्हत्या. नोंदणी एका सहीवर आली होती. मुलगी तर स्वतःहून कुणाला सांगणार नव्हती, तसा तिचा स्वभावच नव्हता. गप्प बसणं इतकं सोपं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी पेन्सिलला टोक काढलं. पाठ फिरवल्याचा शेरा खोडला. मग "योग्य रंग सुचवला" या रकान्यातली खूणही खोडली आणि पुढं लिहिलं : "पुन्हा तपासावे. उमेदवाराची चूक नाही. मूल्यमापकाच्या चेहऱ्यावरून उत्तर कळत होते."

"मॅडम, कशाला?" बुद्धप्रिया घाबरून म्हणाली. "तुमचं नाव जाईल की!"

"गप्प बस," वैजयंतीबाई म्हणाल्या.

सर आले. उभ्याउभ्याच कागद वाचला. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले, वैजयंतीबाईंकडं पाहिलं, परत ओळ वाचली, आणि दोन परीक्षांत पहिल्यांदाच हसले. चांगलेच हसले, रॅकला हात टेकून.

"ताई, हे मला दिसलं नव्हतं."

"म्हणून तर लिहिलं."

त्यांनी पेन काढलं आणि शेरा मारायच्या जागी लिहिलं : "नोंदणीस शिफारस. स्वतःविरुद्धचा पुरावा नोंदवला. यापुढे उमेदवाराच्या पाठीमागे बसावे." सही केली. मग म्हणाले, "तो रंगाचा रकाना आत्ताच तपासून घेऊ. गिऱ्हाईक येतंच आहे."

खरंच एक तरुण बाई दुकानात शिरत होती. वैजयंतीबाईंनी स्वतःची खुर्ची उचलली आणि बुद्धप्रियाच्या पाठीमागं नेऊन ठेवली. तिथून त्यांना तिची वेणी दिसत होती आणि साडीची फक्त एक कड. कडेवरून रंग कळत होता, पोत कळत नव्हता. हे तर आणखी कठीण होतं.

बाई गादीवर टेकली. दोन साड्या पाहून झाल्यावर तिचं लक्ष मागं गेलं.

"त्या कोण हो, मागं बसलेल्या?"

"परीक्षा घ्यायला आल्यात माझी," बुद्धप्रिया वळून न बघता म्हणाली. "त्यांना बोलायला परवानगी नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

बाईनं वैजयंतीबाईंकडं जरा हेव्यानंच पाहिलं. "अशी परीक्षा घ्यायला आमच्या सासूबाईंना पाठवता येतं का हो कुठं?"

यावर वैजयंतीबाईंच्या अगदी ओठांवर फार चांगलं उत्तर आलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि रंगाच्या रकान्यावर बोट ठेवून बसून राहिल्या.